सहाशे एमबीची ती फाइल

ताईंना नमस्कार,

मी २६ वर्षांचा, मूळचा इचलकरंजीचा. गेली तीन वर्षं हिंजवडीत एका पेमेंटच्या कंपनीत आहे, टाइपस्क्रिप्ट या भाषेत बॅकएंडचं, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या कोडचं काम करतो. सहा महिन्यांपूर्वी आमच्या टीममध्ये एक सीनियर आले. ते कोड लिहायला ईमॅक्स हा जुना एडिटर वापरतात, हॅस्केल ही प्रोग्रॅमिंगची भाषा त्यांना येते, फोनमध्ये गूगलचं एकही ॲप नाही. त्यांचं बघून मीही मनावर घेतलं आणि व्हीएस कोड हा नेहमीचा एडिटर सोडून, सगळं कळांनी करायच्या व्हिमवर आलो. फायदाही झाला. परवा एक बग शोधायला प्रोडक्शनमधून, म्हणजे चालू सिस्टिममधून, ग्राहकांच्या व्यवहारांची सीएसव्ही (ओळी-रकान्यांची साधी फाइल) लॅपटॉपवर उतरवून घेतली होती, चांगली सहाशे एमबीची. व्हिममध्ये ती सहज उघडली आणि हवा तो नंबर लगेच सापडला. आमच्याकडे सगळे असंच करतात.

मग फंक्शनल प्रोग्रॅमिंग, म्हणजे दिलेल्या गोष्टींवरूनच उत्तर काढणाऱ्या छोट्या फंक्शनांतून कोड लिहायची पद्धत, शिकायला घेतलं. हिशेब जुळवण्याचं आमचं एक मॉड्यूल होतं, त्यातले लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या ओळी) काढून सगळं रिड्यूस आणि करीइंग या फंक्शनल पद्धतींनी लिहिलं. टीमच्या लीडने माझा पीआर, म्हणजे तपासायला पाठवलेला कोड, परत केला. म्हणाला, ‘हे उद्या तुझ्याशिवाय कुणाला वाचता येणार?’ घरी वेगळंच. प्रायव्हसीसाठी मी व्हॉट्सॲप काढून टाकलं, घरच्यांना सिग्नल हे मेसेजचं ॲप घ्या म्हटलं. आई दोन आठवडे माझ्याशी नीट बोलत नाहीये. रोज रात्री एकपर्यंत व्हिमची कॉन्फिग, म्हणजे सेटिंग, करत बसतो आणि सकाळी वाटतं, आपण नेमकं काय करतोय? व्हिमवर राहू की ईमॅक्स शिकू? हॅस्केलला वेळ देऊ का? मित्र म्हणतात, आता कोड एआय लिहिणार, हे सगळं कशाला?

– एक वाचक, हिंजवडी

* * *

तू ताई म्हणालास, म्हणून अरे-तुरेच करते.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात तुझे प्रश्न दिसले. दुसऱ्या वाचनात त्या सीएसव्हीपाशी थांबले ती तिथेच. तू ती गोष्ट व्हिमचं कौतुक म्हणून ओघात लिहिलीस, पण मला पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच वाटते. म्हणून आधी तिच्याबद्दल, एडिटरचं मागाहून.

सहाशे एमबी म्हणजे किती माणसं, याचा हिशेब कर. नाव, मोबाइल नंबर, रक्कम, तारीख, दुकान असं मिळून एका ओळीला दोनशे अक्षरं धरली तर तीस लाख ओळी. त्यात कुणी औषधं घेतलीत, कुणी सोनाराकडे भिशीचा हप्ता भरलाय, कुणी सासरी न सांगता माहेरी पैसे पाठवलेत. यातल्या एकानेही तुझ्या लॅपटॉपवर यायचं कबूल केलेलं नाही. आणि तो लॅपटॉप सॅकमध्ये घालून तू शुक्रवारी रात्री इचलकरंजीच्या गाडीत बसत असशील.

मी तुला दटावत नाहीये. हे मीही केलंय, आणि माझ्या कसं लक्षात आलं ते सांगते. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका कामासाठी असाच ग्राहकांचा डेटा माझ्या मशीनवर घेतला होता. काम झालं, फाइल पुसली, मोकळी झाले. आठवड्याभराने व्हिमची कुठलीतरी सेटिंग शोधताना होम डिरेक्टरीतली ‘डॉट व्हिमइन्फो’ नावाची फाइल उघडली. त्यात एका बाईंचा मोबाइल नंबर होता. तो मीच स्लॅश दाबून शोधला होता आणि व्हिमने शोधांच्या यादीत जपून ठेवला होता. त्याच्याखाली त्यांच्या खात्याच्या चार ओळी होत्या, मी व्हिमच्या एका रजिस्टरमध्ये यँक, म्हणजे कॉपी, केलेल्या. मूळ फाइल गेली होती आणि त्या बाई मात्र माझ्या मशीनवर होत्या. तो क्षण आठवला की आजही पोटात कालवतं.

तूही ‘हवा तो नंबर लगेच सापडला’ असं लिहिलंयस. तो नंबर आत्ता बहुधा तिथेच असेल. जाऊन बघ.

तेव्हा पहिलं काम हे, आणि ते आजच कर. फाइल काढच, पण तिच्या मागे राहिलेल्या खुणाही शोध. व्हिम फाइल उघडली की तिच्या शेजारीच डॉटने सुरू होणारी, एसडब्ल्यूपी शेपटाची स्वॅप फाइल, म्हणजे काम वाचवणारी तात्पुरती फाइल, तयार करतो. नीट बाहेर पडलास तर ती जाते. टर्मिनल मध्येच मेला किंवा मशीन बंद पडलं तर तशीच राहते. अनडू फाइल चालू ठेवली असशील तर तीही बघ. निओव्हिम असेल तर व्हिमइन्फोच्या जागी ‘शाडा’ नावाची फाइल असते. टर्मिनलमध्ये ग्रेपने शोधताना नंबर टाकला असशील तर तो शेलच्या हिस्टरीत, म्हणजे दिलेल्या आज्ञांच्या यादीत, आहे. डाउनलोड्स, ट्रॅश, क्लाउडशी सिंक होणारं फोल्डर, बॅकअपची डिस्क, ऑफिसच्या चॅटमध्ये कुणाला ती फाइल पाठवली असशील तर तो धागा. एआयचं एखादं प्लगइन चालू असताना फाइल उघडी होती का, हे विशेष करून आठव, कारण यातली बहुतेक प्लगइन्स समोर असलेल्या मजकुराचा तुकडा संदर्भ म्हणून बाहेरच्या सर्व्हरवर पाठवतात. तसं झालं असेल तर लपवू नकोस, लीडला सांग. शिवाय एसएसडी डिस्कवर पुसलेली फाइल खरोखर पुसली गेली याची खात्री साध्या डिलीटने मिळत नाही, म्हणून पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केलेली हवी. विंडोजवर बिटलॉकर, मॅकवर फाइलव्हॉल्ट, लिनक्सवर लक्स. चालू आहे असं गृहीत धरू नकोस, उघडून खात्री कर.

दुसरं काम, ‘आमच्याकडे सगळे असंच करतात’ हे टीमसमोर मांड. तक्रारीच्या सुरात नको. बग शोधायला खरा डेटा लागतो ही अडचण खरी आहे, त्यामुळे नुसतं ‘बंद करा’ म्हणून भागणार नाही. नावं-नंबर बदललेली प्रत तयार करणारी एक स्क्रिप्ट लिही आणि तीच दाखव. लोक सोयीच्या मागे जातात. सुरक्षित वाट सोपी केलीस तर सगळे तिकडूनच जातील.

ही स्क्रिप्ट लिहिताना एक चूक हमखास होते, ती आधीच सांगून ठेवते. मोबाइल नंबर नुसता हॅश केला, म्हणजे सूत्राने त्याचा एक ठरावीक सांकेतिक ठसा काढला, की तो झाकला गेला, असं पुष्कळांना वाटतं. शा-२५६ हे हॅशचं सूत्र उलटवता येत नाही हे खरं. पण भारतातला मोबाइल नंबर दहा अंकी आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारा. म्हणजे शक्य नंबर सगळे मिळून ४०० कोटी. ऐकायला मोठा आकडा, पण साधा लॅपटॉप काही मिनिटांत सगळ्यांचे हॅश काढून तुझ्या यादीशी ताडून बघू शकतो. नंबर हवेच असतील तर गुप्त किल्ली घालून केलेला हॅश, म्हणजे एचमॅक, वापर आणि ती किल्ली प्रतीबरोबर ठेवू नकोस. त्याहून बरं म्हणजे सरळ खोटे नंबर घाल. बहुतेक बग शोधायला तेवढं पुरतं.

कायद्याचं थोडक्यात. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल एकमताने दिला. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांनी आधारविरुद्ध दाखल केलेल्या याचिकेतून तो प्रश्न पुढे आला होता. पुढे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. डेटा सुरक्षित ठेवण्याची पुरेशी काळजी न घेणाऱ्या संस्थेला त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या कायद्यात जबाबदारी कंपनीची आहे, तुझी वैयक्तिक नाही. लीडला पटवायला हा आकडा उपयोगी पडेल. मला स्वतःला मात्र त्या बाईंचा नंबर दिसला होता तेवढंच कारण पुरलं.

आता फंक्शनल प्रोग्रॅमिंग. विषय बदललाय असं वाटेल, पण मी त्याच फाइलीबद्दल बोलत आहे.

तुमच्याकडे उशिरा पैसे भरणाऱ्याला दंड लावणारं एखादं फंक्शन असेलच. ते बहुधा असं असतं: दंड(ग्राहक). आत ग्राहकाच्या ऑब्जेक्टमधून रक्कम आणि देय तारीख काढायची, सिस्टिमच्या घड्याळातून आजची तारीख घ्यायची, गुणाकार करायचा, जाता जाता लॉगमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदवहीत, एक ओळ लिहायची. चालतं. मग कोड तपासायला फेब्रुवारीत लिहिलेली टेस्ट मार्चमध्ये नापास व्हायला लागते आणि कुणाला कळत नाही का. फंक्शनच्या कंसात कुठेही न दिसणारी एक गोष्ट आत शिरलेली असते, ती म्हणजे घड्याळ.

तेच असं लिही: दंड(रक्कम, देयतारीख, आज). आजची तारीखही बाहेरून दे. आता हे फंक्शन दिलेल्या तीन गोष्टींवरच उत्तर काढतं. आज, उद्या, पुढच्या वर्षी, तेच आकडे दिलेस तर तेच उत्तर. टेस्ट एका ओळीची होते. आणि ज्यासाठी मी हे उदाहरण घेतलं ती गोष्ट पुढे आहे. ग्राहकाचा मोबाइल नंबर या फंक्शनपर्यंत पोचतच नाही. मग तो लॉगमध्ये पडणार कुठून? पहिल्या रूपात कुणीतरी घाईत ‘लॉग(ग्राहक)’ लिहिलं की नाव, नंबर, पत्ता सगळं लॉगच्या सर्व्हरवर जाऊन बसतं आणि तिथून कुणाच्या तरी लॅपटॉपवर सीएसव्ही होऊन उतरतं. दुसऱ्या रूपात तसं करायचं म्हटलं तरी हाताशी काही नसतं.

फंक्शनल प्रोग्रॅमिंगमधून मला जे मिळालं ते एवढंच, आणि ते फार मोठं आहे: कुठला कोड कशाला हात लावतो हे कंसाकडे बघून सांगता येणं. हॅस्केलमध्ये हे भाषाच करवून घेते. फंक्शनच्या टाइपमध्ये ‘आयओ’ (बाहेरच्या जगाशी देवाणघेवाण) नसेल तर ते फाइल वाचत नाही, घड्याळ बघत नाही, नेटवर्कवर जात नाही. मागच्या दाराची एक सोय आहे, पण ती सहसा वापरायची नसते. १९९० मध्ये आलेली ही भाषा मी नोकरीत कधी वापरली नाही. तरी तिने माझा रोजचा कोड बदलला, म्हणून तुलाही म्हणते, शिक. तीन महिने, आठवड्यातले दोन दिवस, एखादी छोटी खरी गोष्ट घेऊन. तुझ्या गावच्या यंत्रमागांचा मजुरीचा हिशेब घे. कामगाराने विणलेले मीटर, दर, उचल, हाती पडणारी रक्कम. आज हे हिशेब एक्सेलमध्ये करणाऱ्या कुणाकडेही जाऊन बघ, एका खणात लिहिलेलं सूत्र दुसऱ्या खणातला आकडा कधी बदलत नाही. ते फक्त वाचतं आणि स्वतःचं उत्तर देतं. तेही फंक्शनल प्रोग्रॅमिंगच आहे आणि ते करणाऱ्याला हा शब्द माहीतही नसतो.

याचा उपयोग प्रत्यक्षात होतो का, अशी शंका मनात आणू नकोस. तुझ्याच पुण्यात सुरू झालेल्या हेल्पशिफ्ट या कंपनीने आपलं बरंचसं काम क्लोजर या फंक्शनल भाषेत उभं केलं. बेंगळुरूतल्या रिक्षांसाठीच्या नम्म यात्री ॲपचा बॅकएंड हॅस्केलमध्ये आहे आणि तो कोड खुला आहे. एखाद्या रविवारी वाचत बस, पुस्तकापेक्षा जास्त शिकशील. व्हॉट्सॲपचे सर्व्हर अर्लँग या फंक्शनल भाषेवर उभे राहिले आणि २०१२ मध्येच त्यांनी एका सर्व्हरवर वीस लाखांहून जास्त जोडण्या चालवून दाखवल्या होत्या. फोरट्रान ही सुरुवातीची भाषा घडवणाऱ्या टीमचा प्रमुख जॉन बॅकस, त्याने १९७७ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात, ज्या पद्धतीच्या भाषा आपण रूढ केल्या त्याच पद्धतीवर टीका करून फंक्शनल वाट मांडली. आयुष्यभराच्या कामाबद्दल इतक्या उघडपणे बोलणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

पण तुझ्या पीआरच्या बाबतीत मी तुझ्या लीडच्या बाजूची आहे. तू लूप काढून रिड्यूस घातलंस. नोंदींचा मोठा ऑब्जेक्ट बांधताना रिड्यूसच्या प्रत्येक फेरीत तीन टिंबांच्या (...) चिन्हाने जुन्या ऑब्जेक्टची प्रत काढून त्यात एक नोंद घालायची, असं लिहिलं असशील. शिकताना सगळेच तसं लिहितात. दहा हजार नोंदी असतील तर त्यात पाच कोटींच्या घरात नोंदी पुन्हा पुन्हा कॉपी होतात. लूपने तेच काम दहा हजार पायऱ्यांत होतं. क्लोजरसारख्या भाषांतल्या संग्रहांची रचनाच अशी असते की नवी प्रत जुन्या प्रतीचा बहुतेक भाग वाटून घेते, त्यामुळे तिथे हे परवडतं. टाइपस्क्रिप्ट ज्यावर उभी आहे त्या जावास्क्रिप्टच्या साध्या ऑब्जेक्टला ते जमत नाही. तुमच्या भाषेत फंक्शनच्या आत एक लूप आणि एक बदलणारं व्हेरिएबल असलं तरी बिघडत नाही. बाहेरून दिलं तेवढंच घेतलं आणि उत्तर परत केलं, बाहेरच्या कशाला धक्का लावला नाही, की ते फंक्शन बाहेरच्यांसाठी शुद्धच. उरलं करीइंग, म्हणजे फंक्शनला लागणाऱ्या गोष्टी एकेक करून देत जाणं. तुझ्या टीममध्ये चार जणांना ते वाचता येत नसेल तर ते तिथे नको. रात्री दोनला पेमेंट अडकलं आणि तू इचलकरंजीत असलास तर तो कोड दुसऱ्या कुणालातरी वाचायचाय.

लीडकडे परत जा, मॉड्यूलमधली नेमकी हिशेबाची फंक्शनं बाजूला काढ, त्यांना फक्त लागतं तेवढंच दे, डेटाबेस आणि लॉग बाहेरच्या कडेला ठेव, आणि लूप राहू दे. हा पीआर परत येणार नाही असं मला वाटतं.

एआयचं तुझ्या मित्रांनी विचारलंय. कोड मशीनने लिहिला तरी तुमच्या ग्राहकांच्या पैशांना तो हात लावणार, तेव्हा कुणीतरी तो वाचून ‘हो, जाऊ दे’ म्हणायचंच आहे. दोनशे ओळी समोर आल्यावर पाच मिनिटांत कुठलं फंक्शन कशाला हात लावतं हे ज्याला दिसतं, त्याच्या ‘हो’ला किंमत राहील. ती नजर हॅस्केलने येते, हा माझा अनुभव आहे. आणि एआयला बग समजावताना खऱ्या ग्राहकाची लॉगची ओळ चिकटवू नकोस. हे लिहायची गरज नसावी, तरी लिहिते.

आता व्हिम की ईमॅक्स. व्हिमवरच राहा.

कारण सांगते. व्हिमचा मूळपुरुष व्हीआय, बिल जॉयने बर्कली विद्यापीठात १९७६ च्या सुमाराला लिहिला. तो घरून ३०० बॉडच्या मोडेमवर काम करायचा, म्हणजे सेकंदाला साधारण तीस अक्षरं. ८० अक्षरांच्या २४ ओळींचा पडदा पूर्ण उमटायला मिनिटाहून जास्त लागणार. मग पडदा न हलवता, कमीत कमी अक्षरांत पुष्कळ सांगता यावं अशी भाषा त्याने बांधली. त्याच्या एडीएम-३ए टर्मिनलवर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के, एल याच कळांवर बाण छापलेले होते. एस्केपची कळ आजच्या टॅबच्या जागी होती, करंगळीच्या टप्प्यात. अडचणीतून जन्मलेली ही भाषा आहे आणि तिला व्याकरण आहे: डी म्हणजे काढ, सी म्हणजे बदल, ही क्रियापदं, डब्ल्यू म्हणजे शब्द, पी म्हणजे परिच्छेद, ही नामं. ‘सी, आय, दुहेरी अवतरण’ एवढ्या तीन कळा दाबल्या की अवतरणचिन्हांमधला मजकूर जातो आणि तिथेच नवा लिहायला हात मोकळा. मग दुसऱ्या जागी जाऊन फक्त टिंब दाबलं की तोच बदल तिथेही. हे बोटांत बसलं की माणूस कळांचा विचार करत नाही, मजकुराचा करतो. तुझ्या बोटांत ते बसायला लागलंय. आत्ता सोडलंस तर दोन्हीकडे अर्धवट राहशील.

मी स्वतः कोड व्हिममध्ये लिहिते आणि हे सदर ईमॅक्समध्ये. त्याचं कारण मराठी. इनस्क्रिप्ट हा मराठीचा कीबोर्ड चालू ठेवून व्हिमच्या नॉर्मल मोडमध्ये (जिथे कळा अक्षरं न लिहिता आज्ञा देतात) खाली जायला जे दाबलं की व्हिमला ‘र’ मिळतो आणि काढायला डी दाबलं की हलन्त. दर वाक्याला कीबोर्ड बदलत बसावं लागतं. कीमॅपची, म्हणजे लिहिताना तेवढी अक्षरं बदलून देण्याची, सोय व्हिममध्येही आहे, पण टर्मिनलमध्ये जोडाक्षरं अनेकदा फुटून दिसतात. ईमॅक्समध्ये इनस्क्रिप्ट आतच मिळतं, कळांच्या आज्ञा इंग्रजीतच राहतात आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ नीट उमटतात. तुला मराठीत फार लिहायचं नसेल तर हे कारण तुला लागू नाही. लिहायचं असेल तर ईमॅक्स जरूर उघड, आणि त्याआधी कॅप्सलॉकला कंट्रोल कर. ईमॅक्सच्या सुरुवातीच्या काळातल्या काही कीबोर्डांवर कंट्रोल स्पेसबारच्या शेजारी असे. आजच्या कोपऱ्यातल्या कंट्रोलने करंगळी दुखायला लागते.

व्हीएस कोड वापरणाऱ्यांना मी कमी लेखत नाही आणि तूही लेखू नकोस. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने इतरांबरोबर लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल (कुठल्याही एडिटरला भाषेची मदत मिळवून देणारी सामायिक पद्धत) खुला केला, त्यामुळेच आज तुला व्हिममध्ये टाइपस्क्रिप्टच्या सूचना मिळतात. व्हीएस कोडच्या टेलिमेट्रीची, म्हणजे वापराची माहिती कंपनीकडे जाण्याची, चिंता असेल तर ती सेटिंगमधून बंद होते, किंवा त्याच खुल्या कोडपासून तयार केलेला, टेलिमेट्री बंद असलेला व्हीएसकोडियम घेता येतो. मला जास्त काळजी एक्स्टेन्शनची वाटते. कुठल्याही एडिटरचं एक्स्टेन्शन किंवा प्लगइन तुझ्या नावाने, तुझ्या अधिकारात चालतं. तुला उघडता येते ती प्रत्येक फाइल त्यालाही उघडता येते. व्हिमच्या प्लगइन्सनाही हे तितकंच लागू. तुझ्याकडे आज किती प्लगइन्स आहेत ते मोज. ज्याचं काम तुला एका वाक्यात सांगता येत नाही ते काढून टाक. त्यात तुझी रात्री एकची जागरणंही कमी होतील. कॉन्फिगसाठी शनिवारचा एक तास, बस.

राहिली आई.

व्हॉट्सॲप परत घे. तुझ्या तत्त्वाला मी हलकं मानत नाही. तुझ्या सीनियरांनी जे केलंय त्याचा मला आदर आहे आणि सिग्नल मीही वापरते. २०१६ मध्ये अमेरिकेत सिग्नलला समन्स आलं तेव्हा त्यांच्याकडे देण्यासारख्या दोनच गोष्टी निघाल्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. इतकं कमी गोळा करणारी सेवा मिळणं दुर्मिळ आहे. पण तू आणि आई काय बोलता हे व्हॉट्सॲपलाही वाचता येत नाही, २०१६ पासून तिथेही तेच एन्क्रिप्शन आहे. कंपनीला कळतं ते कोण, कुणाशी, कधी बोलतं हे. तुझ्या आईने ‘जेवलास का’ रात्री नऊला विचारलं, एवढी माहिती. ती वाचवण्यासाठी तो प्रश्नच बंद पाडणं मला पटत नाही. बॅकअपचं एन्क्रिप्शन आपणहून चालू नसतं, ते सेटिंगमध्ये जाऊन तुझ्या आणि तिच्या फोनवर चालू कर. कॉन्टॅक्टची परवानगी दिली नाहीस तरी ॲप चालतं, नावांऐवजी नंबर दिसतात इतकंच. सिग्नल तिच्या फोनवर घालून दे, आणि तू तिथे तिला एखादा फोटो पाठवत जा. आवडलं तर ती येईल.

आईची खरी जोखीम दुसरीकडे आहे. तिने आधारची झेरॉक्स कुठे कुठे दिलीय ते विचार; आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवर पहिले आठ अंक झाकलेलं मास्क्ड आधार मिळतं, ते काढून तिच्या फोनमध्ये ठेव. त्याच साइटवरून बोटांचे ठसे लॉक करून दे. संचार साथी या सरकारी साइटवर तिच्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते बघ. फोनमध्ये तिने न घेतलेलं कर्जाचं, पत्त्यांचं एखादं ॲप आलं असेल तर काढ, पण तिला दाखवून, तिच्या शेजारी बसून. अर्धा-पाऊण तास लागेल, चहा होईल, आणि दोन आठवडे जे बोलायचं राहिलंय तेही निघेल.

या शुक्रवारी जाशील तेव्हा ऑफिसचा लॅपटॉप पुण्यातच ठेव.

– ताई